मेल्यावर पुन्हा तोच विनोद: एका वऱ्हाडी साय-फाय गेमचं प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावात तिघांनी मिळून एक छोटा व्हिडिओ गेम बनवला. साय-फाय, विनोदी, उड्या मारत आणि लढत पुढे जायचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत जेमतेम दीड तासाचा. गेम तपासून देण्यासाठी त्यांनी मला बोलावलं आणि तो बाहेर येईपर्यंत मी त्यांच्यासोबत होते. गावाचं, माणसांचं आणि गेमचं नाव इथे दिलेलं नाही, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. निर्णय मात्र ज्या क्रमानं आणि ज्या कारणांनी झाले तसेच मांडले आहेत.

तिघांमधला प्रोग्रामर अमरावतीला इंजिनिअरिंग शिकलेला, पुण्यातली नोकरी सुटल्यावर गावी परतलेला. चित्रं त्याच्या मावसबहिणीची. तिनं एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, केली आहे आणि ती गावातच शिकवण्या घेते. आवाज गावातल्या एका काकांचा. ते शेतकरी, आणि दंडारीत, म्हणजे विदर्भातल्या लोकनाट्यात, सोंग काढण्यात पंचक्रोशीत नावाजलेले. २०२३ च्या दिवाळीनंतर काम सुरू झालं. प्रोग्रामरला कॉलेजपासून युनिटी या गेम बनवायच्या इंजिनची सवय होती, पण त्याच सप्टेंबरात युनिटीनं प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क लावण्याची घोषणा केली आणि तो गोडो या मोफत, मुक्तस्रोत इंजिनकडे वळला. जुन्या लॅपटॉपवर गोडो नीट चालायचं, हेही एक कारण होतं.

गेमची गोष्ट अशी. रात्री एका वावरात उडती तबकडी कोसळते आणि मोठा खड्डा पडतो. सकाळी मालकाला वाटतं, ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतला आपला अर्ज अखेर मंजूर झाला. तबकडीतून निघालेल्या गुलाबी अळ्या कपाशीच्या फुलांत शिरतात, पाकळ्या आतून विणून टाकतात, फुलांच्या डोमकळ्या होतात आणि त्या डोमकळ्यांतून शत्रू बाहेर पडतात. नायिका म्हणजे रोजंदारीनं कापूस वेचणारी बाई. उंचावरून उडी मारली की वेचलेला कापूस टाकायची तिच्या कमरेची ओटी हवेनं फुगते आणि ती तरंगत उतरते. सोबतीला तबकडीतून निखळलेला एक यंत्रमानव आहे. त्यानं पहिल्यांदा ऐकलेली भाषा वऱ्हाडी, म्हणून तो वऱ्हाडीच बोलतो, आणि सारखं बोलतो. शेवटी तलाठी येऊन तबकडीचा पंचनामा करतो.

पहिल्यापासून जमलेलं

बलस्थानं आधी सांगते, कारण पुढचे सगळे निर्णय ती वाचवण्यासाठीच झाले.

या गेममधला विनोद नुसता संवादात नव्हता, खेळण्याच्या रीतीतच होता. दुसऱ्या टप्प्यात, आठवडी बाजारात, परग्रहावरचा एक पहारेकरी वाट अडवतो आणि कागदाची झेरॉक्स मागतो. खेळाडू पालांच्या ताडपत्र्यांवरून उड्या मारत मागे जातो, झेरॉक्स आणतो. पहारेकरी म्हणतो, “दोन पायजे होत्या.” पुन्हा मागे जावं लागतं, पण तोवर बाजार उठत आलेला असतो, अर्धी पालं निघाली आहेत, त्यामुळे तीच वाट आता अवघड झालेली आहे. खेळाडू हसतो आणि त्याच वेळी नवी उडी शिकतो. हा टप्पा पहिल्यांदा पाहिला तेव्हाच मला खात्री पटली की या पोरांना गेम कळतो.

दुसरं बलस्थान लांबीचं. प्रत्येक टप्प्यात एकच नवी गोष्ट, ती रंगली की टप्पा संपला. वावर, बाजार, एसटी स्टँड, रात्रीचं वावर, तबकडी. विनोदाला हे मानवतं. २००७ सालचा ‘पोर्टल’ हा गेमही विज्ञानकथा, विनोदी आणि तीन-चार तासांत संपणारा. आजही लोक त्याचं नाव काढतात. पण तो सुरुवातीला ‘द ऑरेंज बॉक्स’ या संचात मोठ्या गेमच्या जोडीनं विकला गेला, त्यामुळे ‘एवढ्याशा गेमचे इतके पैसे?’ हा प्रश्न त्याला तितकासा भिडला नाही. आमच्या तिघांसमोर तो प्रश्न उघडा उभा होता.

अडचण कुठे दिसली

मे महिन्यात गावातल्या अभ्यासिकेतल्या पोरापोरींना गेम दिला. बहुतेक जण पोलीस भरतीची नाहीतर तलाठी परीक्षेची तयारी करणारे. भर दुपारी पाराखाली बसून, स्वतःच्या फोनवर खेळायचं एवढंच त्यांना सांगितलं होतं. तिघं बाजूला बसून बघत होते, मदत करायची नाही असं ठरलं होतं.

पहिल्या दहा मिनिटांत हशा. शेततळ्याच्या विनोदाला तर एकीनं फोन शेजारणीला दाखवला. एसटी स्टँडच्या टप्प्यात मात्र वातावरण बदललं. तिथे धावत्या बसच्या टपावरून टपावर उडी मारायची असते. पहिल्या उडीआधी यंत्रमानव ओरडतो, “सरका बाप्पा, यष्टी भरली, आता टपावर बसा!” पहिल्यांदा सगळे हसले. पण उडी चुकली की खेळाडू मरतो, टप्प्याच्या सुरुवातीला येतो आणि तेच वाक्य पुन्हा सुरू होतं. ते मध्येच तोडताही येत नव्हतं. चौथ्या-पाचव्या मरणानंतर एका मुलानं फोनचा आवाज बंद केला आणि पुढचा सगळा गेम मुका खेळला. म्हणजे काकांचा आवाज, यंत्रमानवाची सगळी व्यक्तिरेखा त्याच्यापुरती संपली.

आणखी तीन गोष्टी दिसल्या. रात्रीच्या वावराचा टप्पा, जो चित्रकर्तीनं सगळ्यात जीव लावून रंगवला होता, उन्हात दिसेचना. काळ्या मातीवर काळे शत्रू. मध्येच घरून फोन आला की स्वस्त हँडसेटमध्ये अँड्रॉइड मागचा गेम बंद करून टाकायचं आणि टप्पा मुळापासून खेळावा लागायचा. तिसरी गोष्ट फवारणीच्या पंपाची. तिच्यावर स्वतंत्रपणे लिहिते.

पहिला पेच: विनोद आणि मरण

काका त्या दिवशी पाराखाली होते. आवाज बंद करणाऱ्या मुलाकडे बराच वेळ बघून त्यांनी प्रोग्रामरला विचारलं, “बाबू, हे पोट्टं मेलं का मले पुन्हा तेच बोला लागते काय?”

“हो काका, तसंच ठेवलंय.”

“मंग लोकं उठून जातीन ना. सोंगात एकदा हशा आला का मी ते वाक्य त्या रात्री पुन्हा नाई घेत.”

माझ्या मते या अख्ख्या प्रकरणाचं मर्म या बोलण्यात आहे. ॲक्शन प्लॅटफॉर्म गेम पुनरावृत्तीवर उभा असतो: मरा, परत या, तीच उडी पुन्हा मारा, हात बसेपर्यंत. विनोद पुनरावृत्तीनं मरतो. दोन्ही एकाच गेममध्ये आणायचे तर ते कुठे एकमेकांना भिडतील हे आधीच ठरवावं लागतं. या तिघांनी ते ठरवलं नव्हतं, म्हणून गेममधली सगळ्यात अवघड उडी आणि सगळ्यात हसवणारं वाक्य एकाच जागी येऊन बसलं होतं.

चार पर्याय निघाले. गेम सोपा करायचा, म्हणजे मरणंच कमी होईल. प्रत्येक मरणासाठी वेगळं वाक्य लिहायचं. वाक्य फक्त पहिल्या वेळी वाजवायचं, नंतर गप्प. किंवा चेकपॉइंटची, म्हणजे मेल्यावर खेळाडू जिथून पुन्हा सुरू करतो त्या खुणेची, जागा बदलायची, म्हणजे विनोद ऐकून झाल्यावर चेकपॉइंट येईल आणि मेलेला खेळाडू विनोदाच्या पुढून सुरू करेल.

सोपा करण्याचा पर्याय चित्रकर्तीनं मांडला आणि तोच सुरुवातीला सर्वांना पटला. मी विरोध केला. टपावरून पडण्याची भीतीच नसेल तर यंत्रमानवाच्या बढाया कशाला हसायचं? तो घाबरलेला आहे आणि तरी फुशारक्या मारतो, यातच गंमत आहे. धोका काढला की ती जाते. शिवाय सोप्या उड्यांचा टप्पा हा नुसता चालण्याचा टप्पा होतो.

शेवटी चौथा पर्याय पाया धरला. सगळ्या टप्प्यांतले लांब संवाद सपाट, सुरक्षित जागी आणले आणि चेकपॉइंट त्यांच्या लगेच पुढे ठेवला. त्यावर तिसरा पर्याय चढवला: एकदा वाजलेल्या वाक्यावर खूण पडते, ते त्या खेळात पुन्हा वाजत नाही. दुसऱ्या पर्यायातून मोजकंच घेतलं. वारंवार मेल्यावर यंत्रमानव एखादं तुटक वाक्य बोलतो, “राहू दे, मी बी पडलोच होतो ना वरून,” आणि मग खरंच गप्प बसतो. पुढच्या चाचणीत सर्वात जास्त हशा या गप्प बसण्याला मिळाला, कारण एवढा बडबड्या प्राणी गप्प झाला की आपण किती वेळा मेलो ते खेळाडूला आपोआप कळतं.

नव्या वाक्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये एक भलतीच अडचण आली. मूळ आवाज फेब्रुवारीत काकांच्या घरच्या खोलीत घेतला होता. भाव वाढेल या आशेवर तिथे छतापर्यंत कापूस भरून ठेवलेला होता. अंगाला खाज सुटायची, पण आवाज असा कोरडा आणि स्वच्छ यायचा की स्टुडिओत गेल्यासारखं वाटावं; कापूस सगळा प्रतिध्वनी पिऊन टाकायचा. मे अखेरीस बियाण्यासाठी पैसे हवे होते म्हणून कापूस विकला गेला. जुलैत नवी वाक्यं घ्यायला बसले तेव्हा खोली रिकामी, भिंती घुमत होत्या. गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, डवरणीचं काम आटोपून काका रात्री बसायचे. तरी जुन्या-नव्या वाक्यांतला फरक कान देऊन ऐकलं तर कळतोच. पर्यायी वाक्यं फेब्रुवारीतच, कापूस घरात असताना लिहून घेतली असती तर हा सांधा राहिला नसता.

दुसरा पेच: फवारणीचा पंप

मूळ आराखड्यात नायिकेच्या पाठीवर फवारणीचा पंप होता आणि शत्रूंवर ती फवारा मारायची. कागदावर हे चपखल होतं: अळी आहे, कपाशी आहे, म्हणजे पंप आलाच. फवाऱ्याचं ॲनिमेशन सुंदर जमलं होतं, हिरवे फुगे उडायचे, शत्रू गरगरून पडायचे.

पाराखालच्या चाचणीत एका मुलीनं तिथवर खेळून फोन खाली ठेवला. काही बोलली नाही. संध्याकाळी तिनं चित्रकर्तीला सांगितलं की २०१७ साली तिचे वडील फवारणीनंतर दवाखान्यात होते.

जे विदर्भात राहतात त्यांना हे वर्ष सांगावं लागत नाही. त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, डोक्याएवढी वाढली होती, वेगवेगळी औषधं एकत्र करून मारली जात होती, तोंडाला बांधायला धड काही नव्हतं. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनं राज्यातला कापूस पोखरून काढला. या मुलुखात बनलेल्या गेममध्ये फवाऱ्यानं कोणी गरगरून पडणं हा विनोद होऊ शकत नाही.

प्रोग्रामरची बाजूही समजून घ्यायला हवी. अर्ध्याहून जास्त टप्पे फवाऱ्याच्या पल्ल्यावर रचलेले होते. शस्त्र बदललं तर शत्रूंचं अंतर, कड्यांची उंची, वेळ, सगळं नव्यानं बसवावं लागणार. त्यानं मधला मार्ग सुचवला: फवाऱ्याऐवजी पाण्याची पिचकारी, बाकी तेच. चित्रकर्तीचं म्हणणं होतं की पाठीवरचा पंप दिसला की आत पाणी आहे की औषध हे कोणी विचारत बसणार नाही. वाद दोन दिवस चालला. तोडगा शेतीतूनच निघाला.

गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत राहते. वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत नीट पोचतच नाही. म्हणून पतंगाच्या अवस्थेत तिला पकडण्यासाठी कामगंध सापळे लावतात. सापळ्यातल्या वडीला, म्हणजे ल्यूरला, मादी पतंगाच्या गंधासारखा वास असतो, त्यावर नर येऊन अडकतात. हेक्टरी पाच सापळे लावून रोज पतंग मोजायचे, आणि सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले तर उपाय करायची वेळ झाली असं समजायचं, ही शिफारस गावात माहीत होती. काकांच्याच वावरात सापळे होते.

नायिकेच्या हाती सापळा आला. ती ल्यूर फेकते, आसपासचे शत्रू भान हरपून तिकडे धावतात आणि पिवळ्या-हिरव्या सापळ्याच्या पिशवीत शिरतात. आठ भरले की पिशवी फुगून आकाशात उडते. तीच फुगलेली पिशवी धरून खेळाडू उंच कड्यावर जाऊ शकतो. लढाई आणि उडी यांची अशी गाठ फवाऱ्यात कधीच पडली नसती. यंत्रमानवाचे या टप्प्यातले विनोदही आपसूक सुचले, कारण सगळी परग्रहावरची फौज एका वासामागे येडी होऊन धावते.

किंमतही मोजावी लागली, ती लपवून उपयोग नाही. सापळ्याची लढाई सावकाश असते: फेका, थांबा, भरू द्या. ज्यांना ॲक्शन म्हणजे ठोशाला ठोसा हवा, त्यांना मधले टप्पे मंद वाटले आणि बाहेर आल्यावर तशा तक्रारी आल्या. फवारा लागला की पडदा क्षणभर थबकायचा, फोन थरथरायचा; तो हाताला लागणारा आघात सापळ्यात येत नाही. पिशवी उडताना जोराचा धक्का आणि आवाज देऊन थोडी भरपाई केली. पूर्ण झाली नाही. तरीही हा निर्णय मला या प्रकरणातला सगळ्यात बरोबर निर्णय वाटतो, आणि गेम चांगला झाला तो मुख्यतः त्यामुळे.

तिसरा पेच: लांबी आणि किंमत

दीड तासाच्या गेमला स्टीमवर, म्हणजे संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, एक उघड धोका आहे. विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर स्टीम पैसे परत देतं. म्हणजे गेम पूर्ण खेळून, हसून, शेवट बघून पैसे परत मागता येतात. २०२१ मध्ये ‘समर ऑफ फिफ्टी-एट’ या छोट्या भयगेमच्या निर्मात्यानं याच कारणानं गेम बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं होतं. प्रोग्रामरनं ते वाचलं होतं आणि तो धास्तावला होता.

त्याचा पहिला प्रस्ताव: गेम अडीच-तीन तासांचा करू. त्यासाठी जिनिंगचा, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याचा, एक मोठा टप्पा बांधलाही. कापूस खेचणारे पाइप, रुईचे ढग, गाठी दाबणारा प्रेस, बघायला देखणा. पण त्यात नवी कल्पना एकच होती, पाइपच्या ओढीनं उडणं, आणि ती सुरुवातीच्या काही मिनिटांत संपत होती. पुढे तेच शत्रू जास्त संख्येनं. खेळणाऱ्यांचे चेहरे बघितले तर टप्प्याच्या दुसऱ्या अर्ध्यात हसू नव्हतं, काम उरकण्याचा भाव होता. मी तो टप्पा काढायला सांगितलं. प्रोग्रामरला फार जड गेलं, पण पाइपची कल्पना तेवढी उचलून तबकडीच्या टप्प्यात घेतली आणि बाकीचं टाकून दिलं.

दुसरा प्रस्ताव विक्रीची जागा बदलण्याचा. स्टीमला प्रत्येक गेममागे १०० डॉलर आधी भरावे लागतात आणि विक्रीतून साधारण तीस टक्के कापले जातात. गुगल प्लेवर तेव्हा खात्याचे एकदाच २५ डॉलर, आणि वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरांपर्यंत पंधरा टक्के. गावातला, जिल्ह्यातला माणूस गेम खेळणार तर फोनवरच, पैसे देणार तर यूपीआयनं. ठरलं असं: फोनवर पहिले दोन टप्पे फुकट, पुढचे ७९ रुपयांत एकदाच उघडायचे, जाहिराती नाहीत. संगणकावर खेळणाऱ्यांसाठी इच डॉट आयओ या छोट्या गेमच्या संकेतस्थळावर, तिथे हवं ते मोल द्यावं. बाजाराच्या टप्प्यानंतर पैशांचा पडदा येतो, म्हणजे ज्याला विनोद आवडला तोच पैसे देतो आणि त्याला आपण काय घेतोय ते ठाऊक असतं.

गुगलची एक अट मात्र दमवणारी निघाली. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना, गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी, २० परीक्षकांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी घ्यावी लागायची. (डिसेंबर २०२४ मध्ये ही संख्या बारावर आली, पण यांचं काम ऑगस्टमध्येच होतं.) शहरात वीस माणसं मिळतील, इथे वीस अँड्रॉइड फोन, त्यांची जीमेल खाती, आणि फोनमधली जागा भरली म्हणून कोणी चाचणीतून बाहेर पडणार नाही याची हमी, हे सगळं अभ्यासिकेतल्या एका मुलीनं वहीत नावं लिहून सांभाळलं. दोनदा कोणीतरी गळालं आणि संख्या वीसच्या खाली गेली. तिसऱ्या वेळी तिनं पंचवीस जण घेतले. असं काम हाती घेणाऱ्यांनी सुरुवातीलाच जास्तीची माणसं जोडून ठेवावीत.

हाताळणी

फोनच्या काचेवर बोटाला बटण लागत नाही, हे या प्रकारच्या गेमचं जुनं दुखणं. इथे उपाय माहीत असलेले होते, फक्त करायचे राहिले होते. कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणभर, साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा वेळ, उडी मारू देणं. याला गेम बनवणारे कोयोटे टाइम म्हणतात. जमिनीला पाय टेकण्याआधी दाबलेलं बटण लक्षात ठेवून टेकताक्षणी उडी देणं. बोट जास्त वेळ दाबलं तर उंच उडी, चटकन सोडलं तर बुटकी. स्वस्त फोनवर गेम सेकंदाला ६० ऐवजी ३० चित्रांवर उतरतो, तिथे प्रत्येक चित्रामागे ३३ मिलिसेकंद जातात, म्हणून ही सवलत चित्रांत न मोजता वेळात मोजली. प्रत्येक चेकपॉइंटला आपोआप सेव्ह आलं आणि घरून फोन आला की टप्पा मुळापासून खेळावा लागण्याची तक्रार मिटली.

रात्रीच्या वावरावर चित्रकर्तीनं आठवडा घातला. अंधार तसाच ठेवून तिनं शत्रूंना आणि कड्यांना चांदण्याची कड दिली, फुटलेली बोंडं उजळ पांढरी केली आणि वाट त्या बोंडांनी दाखवली. उन्हात ते फार चांगलं दिसतं असं नाही, पण खेळता येतं.

परिणाम

गेम दसऱ्याच्या आसपास बाहेर आला. पहिल्या तीन महिन्यांत खात्याचं शुल्क, माइक आणि काकांचं ठरलेलं मानधन निघालं. प्रोग्रामरच्या महिन्यांची मजुरी निघाली नाही. त्यानं आता घरूनच एका कंपनीचं काम धरलं आहे. अभिप्रायांत सगळ्यात जास्त कौतुक यंत्रमानवाचं आणि झेरॉक्सच्या पहारेकऱ्याचं. ‘छोटा आहे’ ही तक्रार अपेक्षेपेक्षा कमी आली, आणि बऱ्याच जणांनी ‘अजून हवा होता’ असं लिहिलं. ७९ रुपये देणाऱ्याची ‘अजून हवा होता’ ही तक्रार मी चांगली मानते. मंद लढाईची तक्रार खरी आहे आणि राहील.

शेवटच्या लढतीबद्दलची तक्रार मात्र टाळता आली असती.

वेगळं काय करता आलं असतं

तबकडीतल्या राणीअळीशी लढत तीन भागांची. मध्ये चेकपॉइंट नाही, तिसऱ्या भागात मेलं तर पुन्हा पहिल्यापासून. आणि तिच्यानंतर येतो तलाठ्याचा पंचनामा, जो सगळ्या गेममधला सर्वात रंगलेला प्रसंग आहे: तलाठी पेन कानावर ठेवून तबकडीची लांबी पावलांनी मोजतो, राणीला सात-बारा मागतो, आणि ‘पीक: इतर’ असं लिहून मोकळा होतो. अभिप्राय वाचताना लक्षात आलं की पैसे देऊन खेळणाऱ्यांपैकी अनेकांनी हा प्रसंग पाहिलाच नव्हता. ते राणीपाशी थांबले होते.

एसटी स्टँडवर शिकलेली गोष्ट इथे वापरली गेली नाही, कारण तोपर्यंत सगळ्यांचे डोळे संवादांवर होते. राणीच्या लढतीत संवादच नाहीत, म्हणून ती तपासणीच्या यादीतून सुटली. शिवाय बंद चाचणीतल्या पोरापोरींचा तोवर हात बसलेला होता. महिनोन्‌महिने तोच गेम खेळलेल्यांना ही लढत अवघड वाटलीच नाही. शेवटच्या टप्प्यासाठी पूर्णपणे कोरी माणसं हवी होती. बाजूच्या गावातली चार-पाच जण बसवली असती तरी पुरलं असतं.

बाहेर आल्यावर काही आठवड्यांनी सुधारणा केली. प्रत्येक भागानंतर चेकपॉइंट, आणि बराच वेळ अडकलेल्याला यंत्रमानव स्वतःहून एक भरलेली पिशवी आणून देतो. अडचणीच्या पातळीचा वेगळा पर्याय द्यावा का, यावर दोघा भावंडांचं अजून एकमत नाही. तिचं म्हणणं, सेटिंगमध्ये सोपी पातळी सरळ द्यावी, ज्याला लाज वाटते त्यानं घेऊ नये. त्याचं म्हणणं, मदत गोष्टीतून आली तर खेळाडूला हरल्यासारखं वाटत नाही. मला तिचं पटतं, कारण यंत्रमानवाची मदत येईपर्यंत बरेच जण फोन ठेवून गेलेले असतात. पण त्याहून आधी मी तलाठ्याची जागा बदलली असती. पहिल्या भागानंतरच, लढत ऐन रंगात असताना, तो पेन कानावर ठेवून मधोमध चालत येतो, राणी थबकते, पंचनामा होतो, आणि ‘चालू द्या’ म्हणून तो बाजूच्या बांधावर बसतो. पुढच्या दोन भागांत कोणी कितीही वेळा मेलं तरी तलाठी तिथेच बसलेला दिसतो, नोंदी करत. काकांना ही कल्पना सांगितली तेव्हा त्यांनी लगेच तलाठ्याची चार नवी वाक्यं म्हणून दाखवली. पुढची आवृत्ती कापूस घरात आल्यावर, म्हणजे येत्या हंगामात, रेकॉर्ड करायची असं ठरलं आहे.